अरुण्याचा मेंढा

तलवाडा शिवार, ता. गेवराई
११ डिसेंबर २०२३

वनमाला मॅडम,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो हे मला शाळेत शिकवलंय. पण मी तुमच्यावर चिडलेली आहे, म्हणून नमस्कार शेवटी लिहीन, तोवर राग गेला तर.

'बारावा बुरूज'चे चार जाडजूड भाग लिहायचे. अरुणध्वज नावाच्या अनाथ पोराला जळालेल्या गावातून बाहेर काढायचं, त्याच्या हातात घरच्या चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्याचं मडकं द्यायचं, जोडीला लंगडी घोडी द्यायची आणि आईच्या माणसांच्या शोधात राक्षसांच्या मुलखातून पायपीट करायला लावायची. आणि काळ्या नदीच्या काठावर आणून सोडून द्यायचं. नावाडी म्हणतो, 'पलीकडे जायचं असेल तर तुझं नाव मला दे, मग तुला ते पुन्हा मिळणार नाही.' आणि त्याखाली 'चौथा भाग समाप्त'. ही काय रीत झाली? पाचवा भाग कुठे आहे? केसरबाई सांगतात की चौथा येऊन कितीतरी वर्षं झाली आणि तुम्ही लिहायचंच बंद केलं.

केसरबाई म्हणजे इथले जमीनदार सुंदरराव, त्यांच्या पत्नी. आम्ही मेंढपाळ. गाव चकलांबा, पण दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतो आणि सुंदररावांच्या रानात बसवतो, म्हणजे मेंढरं तिथे मुक्कामाला, त्यांचं खत रानाला. आम्ही म्हणजे माझा चुलता सिदूतात्या, चुलती दगडाबाई आणि मी, बबिता. मी दहावीला आहे. आईबाप मला आठवत नाहीत. म्हणजे अरुणध्वजासारखीच, फक्त मला निखारा वगैरे कुणी दिला नाही.

केसरबाईंच्या कपाटात तुमची पुस्तकं होती. दुपारी मेंढरं बाभळीखाली माना घालून बसतात तेव्हा मी काकूला वाचून दाखवते. तिला अक्षरओळख नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, "मला कावून सांगायलीस ही फुकटची कथा? लोकर काढायचीय." चौथ्या दिवशी भाकरी थापून हात धुऊन आधीच येऊन बसली. अरुणध्वज हे नाव तिच्या जिभेवर बसत नाही, ती अरुण्या म्हणते. अरुण्यानं खाल्लं का. अरुण्याच्या पायाला काय लावलं.

चौथा भाग संपला त्या दुपारी मी पुस्तक मिटलं. काकू म्हणाली, "पुढं?" मी म्हटलं, पुढं काही नाही. ती रडायला लागली, थांबेचना. मग म्हणाली, "लेकराला सांग, नाव देऊ नको म्हणावं. बसून ऱ्हा काठाला. नदी काय कायम चढलेली आसती का? उतरतीच." आणि उठून भंडाऱ्याची पिशवी काढली, हळद कपाळाला लावली आणि बिरोबाला नवस बोलली. "हे पोरगं आईच्या माणसांत सुखरूप पोचू दे. तुला मेंढा देते."

मी हसले. तिनं हसू दिलं नाही. कळपातलं एक नर कोकरू धरलं, कपाळाला हळद लावली, गळ्यात पिवळी चिंधी बांधली. आता त्याला विकायचं नाही आणि त्याची लोकर कातरायची नाही. तात्याला विचारून झालं नाही, तात्याला नुसतं कळलं. तो डोक्यावर हात मारून म्हणाला, "पुस्तकातल्या पोराला नवस? आगं लोक शेण घालतील तोंडात." काकू म्हणाली, "घालू दे. पोरगं तर एकलंच हाय का न्हाई?"

तर मॅडम, आता तुमच्यावर एका देवाचं आणि एका मेंढ्याचं लक्ष आहे. पाचवा भाग लिहा. नमस्कार.

बबिता

(पत्ता पुस्तकाच्या आतल्या पानावरून घेतला आहे. तुम्ही घर बदललं असलं तर नव्या माणसांनी हे पत्र कृपया पुढे पाठवावं.)


तलवाडा शिवार
२ एप्रिल २०२४

वनमाला मॅडम,

तुमचं उत्तर आलं नाही. बरं झालं. आता नका देऊ. आणि पाचवा भाग लिहीत असाल तर हात जरा सावकाश चालवा.

कारण सांगते. दहावीची परीक्षा झाली. शेवटच्या पेपरावरून आले तर पालासमोर गाडी उभी आणि सुंदरराव बाजेवर बसलेले. सोबत दिंद्रुडचा बंकट. बंकट हा सुंदररावांचा तिकडचा माणूस, निवडणुकीत तिकडची सगळी आमची माणसं तो एका शब्दावर फिरवतो. त्याचा पुतण्या लखन, तो काही आला नव्हता. मला चहा द्यायला सांगितलं. मी चहा दिला. बंकटनं मला नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "नाव काय, बदलून घिऊ." सगळे हसले. तेव्हाच मला कळलं की चहा कशाचा होता.

मी लखनला पाहिलेलं नाही. तो वाईट असेल असं मी म्हणत नाही, असेल चांगलाही. पण मला सोळावंही पुरतं लागलेलं नाही, मॅडम. मला अकरावीला जायचंय. सुंदररावांनी बंकटला शब्द दिला आहे आणि तात्या सुंदररावांच्या रानावर जगतो. तात्या मला जीव लावतो, हे खोटं नाही. लहानपणी मला खांद्यावर घेऊन चाललाय तो, एका खांद्यावर मी आणि दुसऱ्यावर कोकरू. पण सुंदरराव बोलायला लागले की तात्याची मान आपोआप हलायला लागते.

सुंदरराव म्हणाले, "अक्षय तृतीया गाठू. सिदू, तुझं काय म्हणणं?" तात्या म्हणाला, "मालक म्हणतेल तसं." तेवढ्यात आतून काकू बाहेर आली. डोक्यावर पदर, खाली मान. "मालक, हळद कशी लावावं? बिरुबाचा नवस उभा हाय घरात."

हे तुम्हाला माहीत नसेल. आमच्या घराण्यात बिरोबाला बोललेला नवस फिटल्याशिवाय घरातल्या पोरीला हळद लागत नाही. भंडारा म्हणजे हळदच. आधी देवाचा, मग माणसाचा. तात्याच्या बहिणीचं लग्न याच कारणानं एकदा पुढे गेलं होतं, ते बंकटलाही ठाऊक. त्यानं विचारलं, नवस कशाचा? काकूनं कळपाकडे बोट केलं. तिथे पिवळ्या चिंधीचा मेंढा उभा होता, लोकर वाढून गोणपाटासारखा झालेला. "अरुण्याचा हाय," ती म्हणाली. "पोरगं अजून वाटंतच हाय."

कोण अरुण्या, हे तात्यानं खाली बघत सांगितलं. सुंदरराव मोठ्यानं हसले. बंकट मात्र हसला नाही. देवाच्या गोष्टीत तो हसत नाही, हीच माझी एक आशा. जाताना म्हणाला, "फेडा बाबा आधी. घरात पोरगी आणायची, देवाचा राग न्हाई आणायचा."

आमच्या शाळेतल्या बाईंनी मागेच सांगितलंय, असं काही झालं तर मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरवर फोन कर, लग्न थांबवतात. फोन तात्याच्या खिशात असतो. आणि केला फोन, तर पोलिसांची गाडी तात्याला न्यायला येईल, सुंदररावांना नाही. हे मला जमायचं नाही.

म्हणून म्हणते, अरुणध्वजाला बसू द्या काठावर. त्याला म्हणावं, तू बस, मीही बसते.

बबिता


चकलांबा
१९ ऑगस्ट २०२४

ताई,

तुम्ही पत्रात लिहिलंत की मॅडम म्हणू नकोस, म्हणून ताई. आयुष्यात मला पहिल्यांदा पोस्टानं पत्र आलं. पोस्टमननं ते पाराजवळ मोठ्यानं माझं नाव घेऊन दिलं. घरी येईपर्यंत मी चालत नव्हते, उडत होते. दारात बसून फोडलं आणि दुसऱ्याच ओळीला माझे पाय जमिनीवर आले.

तुम्ही लिहिलंय, 'तुझ्या पहिल्या पत्रानं मला लाज वाटली आणि मी पुन्हा लिहायला बसले. पाचवा भाग पूर्ण होत आला आहे. हे पुस्तक तुझ्यामुळे होतंय.'

ताई, हे पुस्तक माझ्यामुळे होतंय. माझ्या हातानं मीच केलं. आता तुम्ही म्हणता, 'तुझं दुसरं पत्र फिरत फिरत उशिरा मिळालं, तोवर प्रकाशकाला कळवून झालं होतं.' मी तुम्हाला दोष देत नाही. मी चिडले होते म्हणून तुम्ही लिहिलंत. मी कशाला चिडले? गप्प बसायला काय झालं होतं मला?

काकूनं विचारलं, कुणाचं पत्र. मी सांगितलं, ज्यांनी अरुण्या लिहिला त्यांचं. ती म्हणाली, "मंग? कसं हाय पोरगं?" मी म्हटलं, बरं आहे. पुढचं काही सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मेंढ्याच्या पायातला काटा काढायला गेली.

अकरावीला नाव घातलंय, तलवाड्याला. काकूनं घातलं, तात्याला नुसतं कळलं.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी जे विचारलंत त्याचं उत्तर. तुम्ही म्हणता की छापायला देण्याआधी शेवट बदलता येईल, अरुणध्वज नदीत बुडाला असं लिहिते, म्हणजे नवस कधीच फिटणार नाही. मी तीन दिवस विचार केला. एकदा तर 'हो' असं लिहूनही टाकलं होतं, तो कागद चुलीत घातला.

मारू नका. माझ्यापायी त्याला मारू नका. तो लहानपणापासून चाललाय, त्याचा यात काय दोष. आणि काकूला ते मला वाचून दाखवता येणार नाही. तुम्हाला वाटतं तसा तो शेवट लिहा. माझं मी बघते.

काय बघते ते मला माहीत नाही. पण असं म्हटलं की जरा बरं वाटतं.

तुमची
बबिता


तलवाडा शिवार
१२ जानेवारी २०२५

ताई,

पाच महिने मी सुंदररावांपासून एक गोष्ट लपवून ठेवली आणि ती केसरबाईंनी आनंदाच्या भरात सांगून टाकली.

आम्ही याही वर्षी त्यांच्याच रानात उतरलो आहोत. कॉलेजातून येताना त्यांच्या अंगणातून गेले तर त्या फोन घेऊन धावत आल्या. "बबे, बघ गं, पाचवा भाग येतोय. ह्या महिन्याअखेर." फोनवर पुस्तकाचं चित्र होतं, काळी नदी आणि बारा बुरूज. चित्र फार छान आहे. मी म्हटलं, "बाईसाहेब, हळू बोला." पण सुंदरराव ओसरीवरच दाढी करत बसले होते. त्यांनी अर्धा फेस तसाच ठेवून विचारलं, "ते नवसाचंच का पुस्तक?"

केसरबाईंच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला, पण शब्द गेला तो गेला.

सुंदररावांना गेलं वर्षभर लोक चिडवतात. कुठंही चहाला थांबले की कुणीतरी विचारतं, "मालक, पोचलं का पोरगं?" एका मेंढपाळाच्या बायकोनं आपला शब्द अडवला हे त्यांना लागलंय. आणि आता निवडणूक आली आहे, बंकटला हातातून जाऊ द्यायचं नाही. ते म्हणाले, "पुस्तकच पायजे ना? आणतो. दुकानात आलं की पैला मीच आणतो. दगडाबाईचा नवसबी फिटंल आणि मेंढ्याचं जेवणबी मीच घालतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, तू तर लई खूश पायजेस. वाचायची लई हौस ना तुला."

मी संध्याकाळी काकूला सगळं सांगितलं. तुमचं पत्र, बुडवायचं तुम्ही विचारलं होतं ते, मी नको म्हटलं तेही. मला वाटलं, चिडेल. ती चुलीत काटक्या सारत राहिली. म्हणाली, "चांगलं केलंस. पोरगं मारून मिळालेलं कायबी ऱ्हात न्हाई." मग मी न विचारलेली एक गोष्ट तिनं मला सांगितली. ती नदीकाठी नाव द्यायचं आलं तेव्हा इतकी का रडली, ते. तिचं माहेरचं नाव मंजुळा. लग्नात सासूनं दगडाबाई ठेवलं, सासूची आधीची पोरं जगली नव्हती म्हणून दगडासारखी टिकाऊ ऱ्हा म्हणून. ती माझ्याहून लहान होती तेव्हा. आईबाप नव्हते, चुलत्यानं उजवली. "मंजुळा म्हून हाक मारणारं आता कुणी जित्तं न्हाई," ती म्हणाली. "मी सवताच इसरले व्हते. तुझ्या पुस्तकानं काढलं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताई, मला भीती वाटते. तुम्हाला म्हणून सांगते, कॉलेजात सगळ्यांना मी हसून दाखवते.

बबिता


तलवाडा शिवार
६ फेब्रुवारी २०२५

ताई,

पुस्तक आलं. सुंदररावांनी खरंच सगळ्यांच्या आधी आणलं. तात्याच्या हातात देताना त्याला हार घातलेला होता, पुस्तकाला.

ते म्हणाले, "मालकिणीनं वाचून काढलंय. पोचतंय म्हणे पोरगं, सुखरूप. वाचत बसायची काय गरज? उद्या मेंढा कापू, परवा बंकटला बोलावू." केसरबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काकू म्हणाली, "मालक, नवस मी बोललेय. लेकरू पोचलेलं माझ्या कानांनी ऐकल्याबिगर कसा फेडू? देव मला इचारील ना." तात्यानं मान हलवली. सुंदररावांना नाही म्हणता येईना, पण त्यांनी अट घातली की शेवट ऐकायला ते स्वतः येतील. "न्हाईतर ही पोरगी त्याला अजून दोन वर्षं फिरवंल," म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मी तेच करायचं ठरवलं होतं.

आता रोज दुपारी वाचते. तुम्ही काकूचं ऐकलंत, ताई. अरुणध्वज नाव देत नाही. मडक्यातला निखारा फुंकत काठावर बसून राहतो, ऋतू बदलतो, नदी उतरते आणि तो घोडीचा लगाम धरून चालत पलीकडे जातो. नावाडी नुसता बघत राहतो. हे वाचलं तेव्हा काकूनं मेंढ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं का न्हाई." तिला एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती. मीही खूश झाले, आणि लगेच उरलेली पानं मोजली. जितका तो जवळ पोचतो तितकी माझी हळद जवळ येते. पानं उरली आहेत थोडी. मी हळू वाचते. मुद्दाम खोकते. त्यानं किती होणार.

बबिता


तलवाडा शिवार
१७ फेब्रुवारी २०२५

ताई,

मी तुमच्या पुस्तकात एक गोष्ट केली आहे. पूर्ण वाचा आणि मग रागवा.

काल दुपारी सुंदरराव आले. केसरबाईही आल्या, चष्मा लावून. तात्यानं घोंगडं अंथरलं. मेंढरं बाभळीखाली बसलेली, त्यांत पिवळ्या चिंधीचा तो एवढा मोठा मेंढा, डोळे लोकरीत बुडालेले. काकू माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून.

मी ठरवलं होतं की शेवटी खोटं वाचायचं. दार उघडलंच नाही, असं काहीतरी. पण तुम्ही लिहिलेलं समोर आलं. अरुणध्वज बाराव्या बुरुजाखाली उभा राहतो, हाक मारतो, आणि वरून एक म्हातारी त्याला त्याच्या नावानं ओ देते. ते मला बदलता आलं नाही. मी जसंच्या तसं वाचलं, माझा आवाज फाटला तरी वाचलं. दार उघडतं. तो आजीच्या चुलीत निखारा ठेवतो. चूल पेटते. समाप्त.

काकू डोळे पुसत होती. तात्याही नाक ओढत होता. सुंदररावांनी मांडीवर हात आपटला. "पोचलं. सिदू, झालं का न्हाई? फोन लाव बंकटला." तात्यानं खिशातून फोन काढला.

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "थांबा. अजून एक पान हाय."

मी पान उलटलं. ताई, तुम्हाला माहीत आहे त्या पानावर काय आहे. काही नाही. पांढरं आहे. मी ते उघडलं आणि डोळ्यासमोर धरलं. मग मी वाचायला लागले.

"चूल पेटली तेव्हा त्या गावातल्या एका पोरीनं ती पाहिली. तिला आईबाप नव्हते. तिनं एक मडकं घेतलं, चुलीतून एक निखारा उचलला आणि वेशीकडे निघाली. वेशीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, माझी वाट अजून व्हायची आहे. त्यानं विचारलं, तुझं नाव काय? पोरगी म्हणाली, मंजुळा."

शेजारचा खांदा एकदम ताठ झाला. मी काकूकडे पाहिलं नाही, पाहण्याची हिंमत नव्हती. तिला वाचता येत नाही. पण पान लिहिलेलं आहे की कोरं, ते तिला दिसतं. आणि ती तर माझ्याइतकीच त्याच्यावर वाकलेली होती.

सुंदरराव म्हणाले, "हे काय आता नवीन? मालकीण, असं हाय का पुस्तकात?" आणि त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला.

मी दगड झाले. केसरबाई उठल्या. सुंदररावांच्या आधी त्यांचा हात पोचला. पुस्तक माझ्याकडून घेतलं, ते पान बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, जसं काही वाचताहेत. मग मिटलं आणि काखेत धरलं. "हाय की," म्हणाल्या. "मला तर तेच पान लई आवडलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

तोवर काकूनं भंडाऱ्याची पिशवी सोडली होती. आधी अरुण्याच्या मेंढ्याला हळद लावली, म्हणाली, "बिरुबा, पोरगं पोचलं, तुझा मेंढा तुला." मग कुणी काही बोलायच्या आत दुसरी चिमूट स्वतःच्या कपाळाला लावली. आवाज अजिबात हलला नाही तिचा. "आन ही मंजुळा निघालीय एकली. ती जिथं जायचं तिथं सुखरूप पोचू दे. तुला मेंढा देते." उठली, कळपात गेली आणि आदल्याच दिवशी जन्मलेलं, अजून पाय लटपटणारं सगळ्यात लहान नर कोकरू उचलून आणलं. त्याच्या गळ्यात बांधायला चिंधी मोठी झाली, तिनं दोन वेढे घातले.

सुंदरराव म्हणाले, "सिदू, ही तुझी बायको काय करायली?"

तात्यानं फोन खिशात ठेवला. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा त्याची मान सुंदररावांसमोर हलली नाही असं पाहिलं. "मालक," तो म्हणाला, "देवाचं बोललेलं मी कसं मोडू? हा नवस फिटूस्तोर हळद न्हाई. बंकटला सांगा, दुसरी पोरगी बघावं. त्यालाबी पटंल." आणि तो कोकराला दूध पाजायला त्याच्या आईकडे घेऊन गेला.

सुंदररावांनी विचारलं, पुढचा भाग कधी येणार. केसरबाईंनीच सांगितलं, "मागचा यायला किती वर्षं लागली तुम्हाला माहीत हाय." ते चिडून गाडीत बसले. आमचं रान जाईल की राहील मला माहीत नाही. तात्या म्हणतो, रान दुसरं मिळंल. असं तो आधी कधी म्हणाला नव्हता.

आज सकाळी कॉलेजला निघाले तेव्हा काकू कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते शेवटचं पान लई पांढरं व्हतं गं." मी थांबले. ती म्हणाली, "जा, उशीर व्हतोय. आन त्या बाईला लिही, मंजुळाला जरा चांगली घोडी द्यावं. लंगडी नको."

तेव्हा ताई, ते पान मी तुमच्या पुस्तकात वाढवलं आहे, आणि आता ते तुमच्यावर आहे. मंजुळा वेशीबाहेर पडली आहे. लिहा तिचं सगळं, नद्या, डोंगर, राक्षस, जे काय असेल ते. फक्त तिला पोचवायची घाई करू नका. कोकरू अजून खूप लहान आहे.

नमस्कार. यावेळी मनापासून.

बबिता